गुरुत्वाकर्षण 7 सेकंद बंद पडणार नाही

'12 ऑगस्ट 2026 रोजी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण 7 सेकंद नाहीसं होणार. माणसं 20 मीटर वर जाऊन खाली आपटणार, कोट्यवधी मरणार. नासाला सगळं ठाऊक आहे, पण "प्रोजेक्ट अँकर" लपवून ठेवलाय.' हा फॉरवर्ड माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि त्या दिवशी घरात थांबू की मोकळ्या मैदानात जाऊ, असं तिने रडवेल्या आवाजात विचारलं. म्हाताऱ्या माणसांची झोप उडवणारा मजकूर 'काळजी घ्या' म्हणत पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

गुरुत्वाकर्षण वस्तुमानामुळे असतं. नासाने या अफवेला उत्तर देताना हेच सांगितलंय: गाभा, प्रावरण, कवच, समुद्र, वातावरण या सगळ्यांचं मिळून जे वस्तुमान आहे ते घटलं तरच पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण घटेल. एवढ्यावरच खरं तर विषय संपतो.

पण ते '20 मीटर वर' डोक्यात जातं. ओढ थांबली म्हणजे खालून कुणी ढकललं असं होत नाही. घटकाभर धरून चालू की फक्त आपल्यावरची ओढ गेली. मग उरतं पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं: आपण सरळ पुढे जाऊ आणि जमीन खाली वळत जाईल. त्यामुळे जमीन सुटण्याचं त्वरण विषुववृत्तावरही 0.034 मीटर प्रति सेकंद वर्ग एवढंच. 7 सेकंदांत किती वर जाल? 0.034 चे निम्मे, गुणिले 49. जेमतेम 83 सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढी उंची. तेवढ्यावरून पडून कोट्यवधी मरतात? आणि ओढ जमिनीसकट सगळ्यावरचीच गेली म्हणाल, तर पृथ्वीच्या केंद्राशी वातावरणाच्या सुमारे 36 लाख पट दाब आहे आणि तो याच ओढीने दाबून धरलाय. मग जमीनच फुगू लागेल. रस्ते जागेवर आणि माणसं तेवढी हवेत, हे चित्र कसंही धरलं तरी टिकत नाही.

सोबतचा तरंगत्या अंतराळवीरांचा व्हिडिओ पुरावा नाही. 400 किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के असतं. तिथलं अंतराळ स्थानक आणि अंतराळवीर एकत्रच पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. वस्तुमान तसंच राहतं.

मेसेजमध्ये कारण काय दिलंय, तर कृष्णविवरांच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग. 2015 मध्ये अशी लहर पहिल्यांदा टिपली गेली, तेव्हा लायगो या लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या यंत्राच्या 4 किलोमीटर लांब भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या (अणूच्या केंद्रातल्या कणाच्या) व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा होता. असंच यंत्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारलं जाणार आहे. मेसेज लिहिणाऱ्याने निदान तेवढं तरी वाचायचं.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण खरोखरच आहे. ग्रीनलंड, आइसलंड, स्पेनमध्ये दिसेल, भारतात नाही. सूर्य-चंद्र एका रेषेत आले की आपलं वजन बदलतं हेही खरं. 60 किलोच्या माणसाचं साधारण 10 मिलिग्रॅमने. आणि ते दर अमावास्येला बदलतं, समुद्राला उधाण येतं तेव्हा.