गनिकॉर्नला गनिकॉर्न सापडत नाही

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काच्या पावत्या एका छोट्याशा वेब अ‍ॅप्लिकेशनमधून निघतात. ते पायथॉन या संगणकीय भाषेत लिहिलेले असून फ्लास्क नावाच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, उभे आहे, गनिकॉर्न नावाचा सर्व्हर ते चालवतो, आणि हा सारा संसार महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या एका दूरच्या यंत्रावर थाटलेला आहे. फ्लास्कचा जन्म २०१० साली एप्रिल फूलच्या एका थट्टेतून झाला, ही माहिती मी कार्यकारिणीला अद्याप दिलेली नाही. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आणि ज्या वस्तूचा जन्म थट्टेत झाला तिच्यावर संस्थेचे पैसे मोजायला ते तयार होतील, असे मला वाटत नाही.

त्या यंत्रावर डेबियन ११ ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) होती. ती जुनी झाल्याची पत्रे यंत्र भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून येऊ लागली, तेव्हा एका रविवारी रात्री मी ती डेबियन १२ वर नेली. काम विनातक्रार पार पडले. संगणकावरील काम विनातक्रार पार पडले की जाणत्या माणसाने सावध व्हावे. परंतु रात्र फार झाली होती आणि पडद्यावर लाल रंगाचे एकही अक्षर दिसत नव्हते.

सकाळी खजिनदारांचा फोन आला. पावती निघत नव्हती. सर्व्हरची नोंदवही उघडली, तर तीत चूक झाली की पायथॉन छापतो ती ट्रेसबॅक नावाची सुपरिचित उतरंड दिसली. ट्रेसबॅक वाचण्याची एक रीत आहे. वर ‘मोस्ट रीसेंट कॉल लास्ट’ असे लिहिलेले असते, म्हणजे मुद्द्याची गोष्ट सर्वांत खाली असते आणि तिच्या वरचा भाग म्हणजे तिथवर कोण कोणाच्या सांगण्यावरून पोहोचले याची वंशावळ असते. मी थेट तळाशी गेलो. तिथे लिहिले होते, ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर : नो मॉड्यूल नेम्ड गनिकॉर्न.’

मॉड्यूल म्हणजे नावाने बोलावता येणारा तयार कोडचा तुकडा. हे वाक्य मी पुन्हा वाचले, कारण ते स्वतः गनिकॉर्नच बोलत होता. ‘बिन’ या फोल्डरमध्ये गनिकॉर्न नावाची एक चिमुकली फाईल असते. तिच्या पहिल्या ओळीत कोणत्या पायथॉनने मला चालवावे याचा पत्ता असतो, आणि पुढच्या काही ओळींत गनिकॉर्न नावाचे मॉड्यूल बोलावून त्याच्या हाती कारभार सोपवलेला असतो. ती फाईल जागेवर होती, उठली होती, कामाला लागली होती, आणि गनिकॉर्न नावाचे इथे कोणीही राहत नाही असे सांगून मोकळी झाली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळशानेच दवंडी पिटली होती.

खजिनदारांना काहीतरी सांगणे भाग होते. मी म्हणालो, “काका, सर्व्हरला एक मॉड्यूल सापडत नाहीये.”

“सापडत नाही म्हणजे? काल तर होतं ना?”

“काल होतं. आजही आहे. तिथंच आहे.”

“अहो, तिथंच आहे तर सापडत का नाही? रात्री कोणी आलं होतं का? सीसीटीव्ही बघू का?”

सीसीटीव्हीचा भाग सोडला, तर त्यांचा प्रश्न अगदी बिनतोड होता. वस्तू तिथेच असताना ती का सापडत नाही, एवढ्याच एका प्रश्नाभोवती हा सगळा छळ फिरत असतो, आणि नेमके त्याचेच उत्तर तो संदेश देत नाही. काय सापडले नाही ते तो ठणकावून सांगतो. कोणी शोधले आणि कुठे शोधले याबद्दल अवाक्षर काढत नाही. पायथॉनच्या ३.६ या आवृत्तीत, म्हणजे २०१६ च्या अखेरीस, सर्वसाधारण ‘इम्पोर्ट एरर’मधून ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर’ हा एक स्वतंत्र पोटप्रकार काढण्यात आला. दुःखाचे वर्गीकरण सुधारले, एवढाच फरक मला जाणवला.

तेव्हा शोधणारा कोण हे आपणच पाहावे लागते. प्रत्येक प्रकल्पाला लागणारी पॅकेजेस, म्हणजे बाहेरून आणून बसवलेल्या मॉड्यूलांची गाठोडी, एकमेकांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून पायथॉनमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट नावाची सोय आहे. २०१२ साली आलेल्या ३.३ या आवृत्तीपासून ती भाषेसोबतच मिळते. नाव भारदस्त असले तरी आत एक साधे फोल्डर असते. त्यात पायथॉन नावाची जी वस्तू दिसते ती बहुधा खरा पायथॉन नसून मूळ पायथॉनकडे बोट दाखवणारी खूण असते, आणि पॅकेजेस ज्या फोल्डरात ठेवलेली असतात त्याच्या नावात आवृत्तीचा आकडा कोरलेला असतो. डेबियन ११ मध्ये पायथॉन ३.९ होता, म्हणून माझी सगळी पॅकेजेस ‘पायथॉन३.९’ असे नाव असलेल्या फोल्डरात सुखाने पडून होती. डेबियन १२ मध्ये ३.११ आला. खूण जिथे बोट दाखवत होती तिथेच दाखवत राहिली, फक्त त्या जागी आता नवा गडी उभा होता. तो इमानाने ‘पायथॉन३.११’ नावाच्या फोल्डरात शोधायला गेला. असे फोल्डर मुळात अस्तित्वातच नव्हते. ज्याला जे कपाट नेमून दिले आहे त्याच्या शेजारच्या कपाटाकडे मान वळवूनही न पाहणारा कचेरीतला कारकून ज्याने पाहिला असेल, त्याला पायथॉनचा हा स्वभाव निराळा समजावून सांगावा लागणार नाही. गंमत म्हणजे एन्व्हायर्नमेंटच्या फोल्डरात एक छोटी नोंद असते, आणि तीत अजूनही ‘आवृत्ती ३.९.२’ असे स्वच्छ लिहिलेले होते. ती वाचून थबकण्याची तसदी मात्र कोणीही घेत नाही.

निदान झाले की उपचार सोपा असावा अशी आपली भाबडी समजूत असते. या क्षेत्रात मात्र निदान आणि उपचार यांच्यामध्ये पिप उभा असतो. पिप म्हणजे पॅकेजेस आणून बसवणारा. तो ती कोणत्या पायथॉनमध्ये बसवतो हे त्याला कोणाच्या तोंडून हाक मारली यावर अवलंबून असते, आणि म्हणून जगभरचे असंख्य लोक एका पायथॉनमध्ये पॅकेज बसवतात, दुसऱ्या पायथॉनने सर्व्हर सुरू करतात आणि तिसऱ्याच माणसाला फोन करून सांगतात की आम्ही बसवले तरी सापडत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हा प्रकार इतका राजरोस चालतो की अनुभवी मंडळी नुसते ‘पिप’ असे कधी लिहीतच नाहीत. ज्या पायथॉनने सर्व्हर चालायचा आहे त्याचा पूर्ण पत्ता लिहून ‘वजा एम पिप’ असे म्हणतात. माझ्या जुन्या एन्व्हायर्नमेंटमधला पिप तर, पिप नावाचे मॉड्यूल सापडत नाही, असेच म्हणत होता. घराण्याची रीतच ती.

मग यंत्राच्या सामाईक पिपला हाक मारून पाहिली. डेबियन १२ त्याला हात लावू देत नाही. हे एन्व्हायर्नमेंट बाहेरून सांभाळले जाते, इथे लुडबुड करू नये, अशा अर्थाची लांबलचक सूचना येते, आणि तरीही हट्टच असेल तर म्हणून शेवटी एक पर्याय सुचवलेला असतो, ज्याचे नाव ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ असे आहे. धोक्याच्या बटणाला इतके प्रांजळ नाव दिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. तरीही ही जादूची ओळ टाका, लगेच चालेल, असे छातीठोकपणे सांगणारे सल्लागार जागोजागी भेटतात. लगेच चालते हे खरे आहे. पुढे कधीतरी त्या यंत्राची स्वतःची कामे बंद पडतात, तेव्हा हे सल्लागार दुसऱ्या कोणाला तरी तीच ओळ सांगत असतात.

जुने एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये. ते मोडीत काढून नव्याने उभारावे, हाच सरळ मार्ग आहे, आणि त्यासाठी ‘रिक्वायरमेंट्स’ नावाची यादी असते. आमची यादी संस्थेतल्याच एका मुलाने केलेली होती, जो आता जर्मनीत असतो. तीत फ्लास्कची आवृत्ती २.२.२ अशी पक्की लिहिलेली होती, इतर काही नावे नुसतीच होती, आणि काही नावांचा पत्ताच नव्हता, कारण ती त्याने थेट यंत्रावर बसवून टाकली होती.

ज्यांचा पत्ता नव्हता त्यांच्यात पहिले निघाले यामल. सेटिंगची फाईल वाचायला ते लागते. सर्व्हर म्हणाला, यामल नावाचे मॉड्यूल नाही. पिपला यामल आणायला सांगितले, तर तो म्हणाला, या नावाचे काहीही माझ्याकडे नाही. पॅकेजचे नाव पाययामल आहे. पावतीवर संस्थेचा शिक्का उमटवणारे मॉड्यूल पील या नावाने बोलवायचे, पण आणायचे मात्र पिलो या नावाने. चित्रे हाताळणारे ओपनसीव्ही हवे असेल तर बोलवायचे सीव्हीटू म्हणून. दारावर एक पाटी आणि शिधापत्रिकेवर दुसरेच नाव, अशी ही बिऱ्हाडे आहेत. इथे अंदाजाने नाव टंकित करून पाहण्याचा मोह फार होतो आणि तो कटाक्षाने आवरावा, कारण प्रसिद्ध पॅकेजांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घेऊन त्यांत घातक माल भरून ठेवणारे लोकही त्याच बाजारात बसलेले असतात. त्या पॅकेजचे अधिकृत पान उघडून बसवण्याची ओळ तिथूनच उचलावी.

सगळी मॉड्यूले अखेर सापडली. मग निराळीच तक्रार आली. ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम यूआरएल कोट फ्रॉम वेर्कझॉइग डॉट यूआरएल्स.’ म्हणजे घर सापडले, पण ज्याला भेटायचे तो माणूस घर सोडून गेलेला. वेर्कझॉइग हे फ्लास्कच्या पोटातले पॅकेज आहे, आणि ‘यूआरएल कोट’ हे त्यातले एक फंक्शन. फ्लास्क २.२.२ च्या अटीत वेर्कझॉइग किमान २.२.२ असावे एवढेच म्हटलेले आहे. कमाल किती, याबद्दल मौन आहे. पिपने ‘किमान’चा अर्थ उदारपणे घेतला आणि उपलब्ध असलेले सर्वांत नवे वेर्कझॉइग आणून ठेवले. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या ३.० या आवृत्तीतून ‘यूआरएल कोट’ काढून टाकलेले आहे. न्यायाने बोलायचे तर ते चोरून काढलेले नाही. हे जाणार आहे अशी पूर्वसूचना आधीच्या २.३ या आवृत्तीतच दिलेली होती. परंतु अशा पूर्वसूचना जिथे छापल्या जातात ती नोंदवही कोणी वाचत नाही, आणि जे वाचतात त्यांचे अ‍ॅप्लिकेशन बहुधा बंद पडलेले नसते. वेर्कझॉइग तीनच्या खाली ठेवणे किंवा फ्लास्कलाच तीनवर नेणे, असे दोन मार्ग होते. खजिनदारांचा फोन पुन्हा वाजत असल्यामुळे मी पहिला निवडला.

हाताने सुरू केल्यावर सर्व्हर चालला. पावतीचे पान उघडले. जुन्या काळी हा सर्व्हर क्रॉन या ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या सोयीतल्या एका ओळीने उठत असे. या निमित्ताने तो सिस्टमडीच्या, म्हणजे यंत्रावरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या कारभाऱ्याच्या, स्वाधीन करावा, म्हणजे पडला तर आपोआप उभा राहील, असा सुज्ञ विचार केला. आणि लगेच ‘नो मॉड्यूल नेम्ड पावती.’ आता मात्र परक्याचे काही हरवलेले नव्हते. हरवला होता तो आमचाच कोड. हाताने सुरू करताना मी प्रकल्पाच्या फोल्डरात उभा होतो, आणि गनिकॉर्न तुम्ही जिथे उभे असाल ती जागा शोधाच्या यादीत घालून घेतो. सिस्टमडीला कुठे उभे राहायचे हे सांगितले नाही, तर तो यंत्राच्या मुळाशी, अगदी रूट फोल्डरात उभा राहतो. तिथे आमच्या संस्थेच्या पावत्या असण्याचे काहीच कारण नव्हते. पडला तर उभा कर, ही सूचना मात्र त्याने मनापासून पाळली. गनिकॉर्न उठे, ‘वर्कर फेल्ड टू बूट’ म्हणून कोसळे, पुन्हा उठवला जाई, पुन्हा कोसळे, आणि शेवटी ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असे बजावून सिस्टमडीनेच हात टेकले. इतक्या घाईने पुन्हा पुन्हा विचारू नये, हे यंत्राला कळते.

‘वर्किंग डिरेक्टरी’ ही एक ओळ लिहिली, गनिकॉर्नचा पत्ता नव्या एन्व्हायर्नमेंटमधला आहे याची खात्री केली, आणि सर्व्हर उभा राहिला. मग ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ आणि ‘सिस डॉट पाथ’ हे दोन्ही सुरुवातीलाच नोंदवहीत छापण्याची सोय करून टाकली. पहिल्याने कोण शोधतो आहे ते कळते आणि दुसऱ्याने तो कुठे कुठे शोधतो आहे ते. संदेशाने स्वतःहून जे सांगायला हवे होते ते आमचे अ‍ॅप्लिकेशन आता रोज न विचारता सांगते. ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा बसवलेल्या पॅकेजांची आवृत्तीसह यादी देते. ती वापरून यादी नव्याने काढली, तेव्हा ती चांगलीच लांब झाली आणि प्रत्येक नावापुढे आकडा आला. ती मी जर्मनीलाही पाठवली. तिकडून फक्त एक अंगठा आला.

खजिनदारांनी पावती काढून पाहिली आणि विचारले, “झालं ना? मग बिघडलं होतं काय?”

“काही बिघडलं नव्हतं, काका. तो चुकीच्या ठिकाणी शोधत होता.”

“मग त्याला बरोबर ठिकाण सांगायचं ना! एवढा वेळ कशाला लागतो?”

कार्यकारिणीच्या इतिवृत्तात हे काम ‘सर्व्हरला योग्य ठिकाण सांगितले’ असे नोंदवले गेले असून त्याचा खर्च निरंक दाखवला आहे. दरम्यान डेबियन १३ आली आहे, तीत पायथॉन ३.१३ आहे, आणि प्रणाली अद्ययावत करून घेण्याची आठवण देणारी पत्रे कंपनीकडून पुन्हा येऊ लागली आहेत. हा विषय मी अध्यक्षांच्या परवानगीने पुढील सभेपर्यंत तहकूब करून घेतला आहे.