एक नंबर मोठी नकोच
लेखात 'सँडल एक नंबर मोठीच घ्या' असं म्हटलंय, ते काही पटलं नाही. मोठ्या सँडलमध्ये पाय पुढे सरकतो, उतारावर तर बोटं पार बाहेर येतात. त्यापेक्षा संध्याकाळी खरेदीला जा. दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा बसेल तेच खरं माप. दोन्ही पायांत घालून दुकानातच चार फेऱ्या मारा, दुकानदार वैतागला तरी चालेल! टाचेमागे पट्टा हवाच.

मी वारीत पुणे ते सासवड, दिवेघाटासकट 30 किलोमीटरच्या आसपास, कोऱ्या सँडलवर चाललो होतो. पावसात वेल्क्रोत चिखल गेला, पट्टा सुटत राहिला आणि सासवडला पोचेपर्यंत करंगळीला हा एवढा फोड. आता बकलवाली घेतो आणि आधी 15 दिवस भाजी आणायला जाताना घालतो.