'पाण्याचा पिस्टन' आणि त्याच्या नावावर खपणारे दावे

'गॅस दाबायला धातूचा पिस्टन नकोच, पाणी पुरतं. घर्षण नाही, गळती नाही, गॅस तापत नाही, वेग हवा तेवढा; म्हणूनच कंपन्यांनी हे तंत्र दडपलंय.' असा मजकूर सध्या फिरतोय. द्रव-पिस्टनचं तंत्र, म्हणजे पंपाने ढकललेल्या द्रवाने वर चढत गॅस दाबायचा, मला मनापासून आवडतं, म्हणून हे खोडून काढणं गरजेचं वाटतं.

दडपल्याचं आधी. 1913 मध्ये लंडनजवळ चिंगफर्डच्या जलाशयावर बसवलेल्या हम्फ्रे पंपांत पाण्याचा स्तंभच पिस्टनचं काम करी. आज लिंडे कंपनीने हायड्रोजन भरणा केंद्रांसाठी आयनिक द्रवाचे (कमी तापमानालाही द्रवरूप राहणाऱ्या क्षारांचे) कॉम्प्रेसर बाजारात आणले आहेत. यात लपवलेलं काही नाही.

'गॅस तापत नाही' हे अर्धसत्य आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. 27 अंश सेल्सिअसची हवा उष्णता बाहेर न जाऊ देता दहापट दाबापर्यंत नेली, तर ती 300 अंशांपुढे तापते. तापमान स्थिर ठेवून तोच दाब गाठला, तर आदर्श गणितात सुमारे 29 टक्के काम वाचतं. उरलेलं 71 टक्के करावंच लागतं. उष्णताही नाहीशी होत नाही, ती बाहेर काढावी लागते. द्रव कोणत्याही आकाराच्या पोकळीत चढतो. त्यामुळे एका जाड सिलिंडरऐवजी बारीक नळ्यांचा जुडगा वापरता येतो, गॅसला लागणारी भिंत कितीतरी पटींनी वाढते आणि उष्णता तिथून निघून जाते. धातूच्या एका पिस्टनला हे जमत नाही. पण नळ्या जितक्या बारीक, तितकं द्रवाचं घर्षण जास्त. 'घर्षण नाही' हा दावा इथेच पडतो.

गळतीबद्दल अर्धं मान्य: पिस्टन रिंगच्या फटीतून निसटणारा गॅस इथे अडतो. मात्र द्रव ढकलणाऱ्या पंपाला सील आणि बेअरिंग असतातच, म्हणजे झीज तिकडे सरकते. शिवाय दाब वाढतो तसा गॅस द्रवात जास्त विरघळतो, आणि पाणी वापरलं तर त्याची वाफ गॅसमध्ये मिसळते. हायड्रोजनसाठी आयनिक द्रव निवडतात तो याचमुळे: त्याचा बाष्पदाब नगण्य असतो, म्हणजे त्याची वाफ जवळजवळ होतच नाही.

राहिला वेग. वरच्या टोकाला द्रव थांबवताना मंदन (वेग घटण्याचा दर) गुरुत्वत्वरणापेक्षा वाढलं, की पृष्ठभाग फुटून थेंब उडू लागतात. अर्ध्या मीटरचा उभा स्ट्रोक (द्रवाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची धाव) आणि लंबकासारखी सरल आवर्त गती धरली, तर ही मर्यादा मिनिटाला साधारण 60 फेऱ्यांवर येते. वेग वाढवायचा तर स्ट्रोक आखूड करावा लागतो, आणि मग प्रत्येक फेरीत दाबला जाणारा गॅसही घटतो.