सिंगापूरच्या तोफा खरंच उलट्या तोंडाच्या होत्या का?

दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं कारण इंग्रजांच्या तोफांची तोंडं समुद्राकडे होती आणि जपानी मागच्या दाराने आले, ही गोष्ट पुन्हा फिरते आहे. ऐकायला झकास, पण अर्धवट खरी.

बेटावर १५ इंची पाच तोफा होत्या. चांगीजवळच्या तीन तोफांपैकी काही उत्तरेला, सामुद्रधुनीपलीकडच्या जोहोरच्या दिशेला वळत होत्या आणि तिकडे त्यांनी मारा केलाही. बुओना व्हिस्टाच्या दोन मात्र उत्तरेला वळत नव्हत्या. अफवेला आधार एवढाच. खरा घोळ दारूगोळ्याचा. कोठारात बहुतेक गोळे जहाजाचं चिलखत भेदणारे. असा गोळा मऊ जमिनीत खोल घुसून फुटतो, त्यामुळे आसपासच्या पायदळाला तो फारसा बाधत नाही.

शिवाय खरी लढाई त्याआधीच हरली होती. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी मलायाच्या (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पाचा भाग) किनाऱ्यावर कोटा भारूला उतरले, दोनच दिवसांत 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' ही इंग्रजांची लढाऊ जहाजं विमानांनी बुडवली आणि दोन महिन्यांच्या आत अख्खा मलाया गेला. जपानी पायदळातले पुष्कळजण तर सायकलींवर होते! ८ फेब्रुवारीच्या रात्री ते सामुद्रधुनी ओलांडून बेटावर उतरले. इंग्रजांचा सेनापती पर्सिव्हल याच्याकडे माणसं जास्त होती, पण आकाश जपान्यांचं होतं, आणि शेवटी पाण्याचेही वांधे झाले. १५ फेब्रुवारी १९४२ ला बुकित तिमाच्या फोर्ड कारखान्यात त्याने जपानी सेनापती यामाशितापुढे शरणागती पत्करली.