हिप्पोक्रेटिसच्या नावावर खपणारा सुविचार

‘अन्न हेच तुमचं औषध असू द्या,’ असं हिप्पोक्रेटिस हा ग्रीक वैद्य अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून गेला. ग्रीक-रोमन लोक औषधांवाचून, नुसत्या आहारावर ठणठणीत राहायचे. डॉक्टर मंडळींनी आपल्याला गोळ्यांच्या नादी लावलं ते नंतर. दाढीवाल्या पुतळ्याच्या फोटोसकट हा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो.

आधी ते वाक्य. हिप्पोक्रेटिसच्या नावावर साठेक ग्रंथ आहेत, तेही अनेक हातांनी लिहिलेले. त्यांतल्या एकातही हे वाक्य नाही. पोषणावरच्या एका छोट्या ग्रंथात, अन्नातलं औषध उत्तमही असतं आणि वाईटही, अशा अर्थाचं कोड्यात टाकणारं वचन सापडतं; पण तो ग्रंथ हिप्पोक्रेटिसनंतरचा मानतात. आणि ‘वाईटही’ हा भाग फॉरवर्डात कुठे दिसत नाही.

औषधांवाचून? पथ्याला हे वैद्य फार मानत, हे खरं. तापात सातूची पेज कधी द्यायची, गाळून की न गाळता, यावर त्यांनी बरंच लिहून ठेवलंय. पण हेच वैद्य हेलेबोर नावाची विषारी मुळी देऊन रोग्याला ओकायला आणि जुलाब व्हायला लावत, शीर कापून रक्त काढत, डाग देत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यानं औषधीद्रव्यांवर पाच खंड लिहिले. त्यांत सहाशेच्या आसपास वनस्पती आहेत, अफूसुद्धा. रोमन सम्राटांचा वैद्य गेलेन थेरियाक नावाचा विषावरचा जो उतारा बनवी, त्यात सापाचं मांस पडायचं.

‘ठणठणीत’ या शब्दावर मात्र थांबायला हवं. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्याच ‘साथीचे रोग’ या ग्रंथाच्या पहिल्या आणि तिसऱ्या भागात ४२ रोग्यांची टिपणं आहेत. त्यांतले २५ दगावले. पहिलाच रोगी थासोस बेटावरचा, तटाजवळ राहणारा फिलिस्कस. तिसऱ्या दिवशी लघवी काळी, रात्री भ्रम. पाचव्या दिवशी नाकातून रक्त. श्वास इतक्या अंतरानं, की जणू घ्यायचा आठवून घेतोय. सहाव्या दिवशी दुपारी गेला. लिहिणाऱ्यानं काही झाकलं नाही. त्याच्या प्रामाणिकपणापुढे आपला फॉरवर्ड फारच स्वस्त वाटतो.

डॉक्टरांवरचा संशय तेवढा अस्सल प्राचीन आहे. रोमन लेखक प्लिनी सांगतो, की इ.स.पू. २१९ मध्ये आर्कागाथस हा ग्रीक वैद्य रोममध्ये आला. सरकारी खर्चानं त्याला दवाखाना मिळाला, आणि त्याची कापाकापी, डागण्या पाहून लोक त्याला थोड्याच दिवसांत जल्लाद म्हणू लागले. ग्रीक वैद्य आपल्याला मारायला टपलेत, असं थोरला केटो या रोमन राजकारण्यानं मुलाला बजावलं होतं. घरच्यांवर तो स्वतःच्या वहीतले उपचार करी. कोबीचे गुण गाताना तर थकत नसे. फॉरवर्डवाल्यांना खरा पूर्वज हवाच असेल, तर तो हा. पंच्याऐंशी वर्षं जगलासुद्धा. फक्त चरित्रकार प्लुटार्कनं पुढे नोंदवलंय, की घरच्या घरी वैद्यकी करण्याच्या या घमेंडीची शिक्षा त्याला मिळाली असावी: बायको आणि मुलगा, दोघंही त्याच्या आधी गेले.