चिवड्यातला हत्ती

रविवारी रात्री मी माझाच जिंकत आणलेला डाव हरलो. जिंकत आलेला डाव घालवणं निराळं, ती कला मला शाळेपासून येते. इथे माझ्याच मोहऱ्यांनी, मीच मांडलेल्या पटावर, मला मारलं.

झालं असं, की दिवाळीत सांगलीला मामांकडे बुद्धिबळाचा डाव रंगला होता. अकरा वर्षांत मामांना मी एकदाही हरवलेलं नाही. त्या दिवशी मात्र मी पांढऱ्यानं खेळताना त्यांचा एक हत्ती फुकटात मारला, आणि तेवढ्यात पाहुणे आले. मामींना टीपॉय हवा होता. मी घाईघाईनं मोबाइलवर पटाचा फोटो काढला आणि ‘उरलेला डाव ऑनलाइन खेळू’ असं जाहीर करून पुण्याची गाडी पकडली.

ऑनलाइन हव्या त्या स्थितीपासून डाव सुरू करता येतो. मोकळा पट मिळतो, मोहरे बोटानं ओढून घरांत बसवायचे. पटाखाली एक अगम्य ओळ आपोआप उमटत जाते, तिला फेन म्हणतात. फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पत्रकारानं एकोणिसाव्या शतकात ही पद्धत काढली, पुढे एडवर्ड्स नावाच्या गृहस्थानं ती संगणकासाठी बेतून दिली. मोठी अक्षरं पांढऱ्याची, छोटी काळ्याची, रिकाम्या घरांचे आकडे. शिवाय पाळी कोणाची, किल्लेकोटाचा, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा, हक्क कोणाला शिल्लक आहे, असली चौकशी. रेशनकार्डाच्या अर्जापेक्षा फार सोपं नाही.

अडचण फोटोची होती. मी तो कोपऱ्यातून काढला होता आणि मामांच्या बाजूच्या एका टोकाला, पटाला खेटून, चिवड्याचा उंच डबा होता. डब्यामागची दोन घरं दिसत नव्हती. म्हणून खात्री करायला फोन केला. इथेच चुकलो.

‘‘डब्यामागं माझा हत्ती आहे,’’ मामा म्हणाले.

‘‘मामा, तो मी मारला. तुम्ही ‘अरेरे’ म्हणालात.’’

‘‘अरेरे मी चहा सांडला म्हणून म्हणालो.’’

मग त्यांनी सगळी स्थिती तोंडी सांगायला घेतली, आणि तीही जुन्या पद्धतीनं. ‘‘घोडा राजाच्या उंटाच्या तिसऱ्या घरात.’’ या पद्धतीत घरं आपापल्या बाजूनं मोजतात, म्हणजे त्यांचं तिसरं ते माझं सहावं. फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, ही पद्धत 1981 सालीच मोडीत काढली, हे मी नम्रपणे सुचवलं. ‘‘फिडेला काय कळतंय? सांगलीत बुद्धिबळ रुजवलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या गावाला शिकवू नकोस. नागपूरची पोरगी बाटुमीला जाऊन विश्वचषक आणती, आणि तुला एक फोटो सरळ काढता येईना.’’ दिव्या देशमुखच्या 2025 च्या विजेतेपदाचा माझ्या फोटोशी काय संबंध, हे विचारायची सोय नव्हती. मामांकडे बुद्धिबळातला प्रत्येक विजय हा मला झापण्यासाठीच झालेला असतो.

‘‘साक्षीदार आहे माझ्याकडं,’’ असं म्हणून त्यांनी फोन मामींच्या हातात दिला.

‘‘मामी, डब्यामागे हत्ती होता का?’’

‘‘कुठला डबा?’’

‘‘चिवड्याचा.’’

‘‘चिवड्याचा डबा मी टीपॉयवर ठेवलाच नव्हता. मी वाटीत दिला होता चिवडा. डबा कुणी आणला बाहेर?’’

फोनवर शांतता. मग दुरून मामांचा आवाज, ‘‘विषय हत्तीचा चाललाय.’’

‘‘विषय डब्याचाच आहे,’’ मामी म्हणाल्या. ‘‘तरीच म्हटलं, दोन किलो चिवडा केला तो भाऊबीजेला तळाला कसा गेला. डॉक्टरांनी तळलेलं बंद सांगितलंय यांना. फोटोत दिसतोय का रे डबा? पाठव बघू मला.’’

मी पाठवला. भाच्यानं असं करू नये, पण हत्तीचा प्रश्न होता.

‘‘हा बघा, झाकण उघडं आहे. पातळ पोह्यांचा चिवडा झाकण उघडं ठेवून टिकतो का? सादळला तो सगळा. शेजारच्या वहिनींना दिला तर त्या म्हणाल्या, छान आहे हो, मऊ आहे. चिवड्याला कुणी मऊ म्हणतं का? आणि त्यात तो तुमचा घोडा निघाला.’’

‘‘घोडा?’’

‘‘घोडा नाही, ते चौकोनी, बुरुजासारखं. काळं.’’

‘‘हत्ती! मामी, चिवड्यात हत्ती निघाला?’’

‘‘तेच. वहिनींच्या नातवाच्या बशीत आला. मला वाटलं खोबऱ्याचा काप करपला.’’

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. काळा हत्ती चिवड्यात, म्हणजे पटाबाहेर, म्हणजे मारलेला! मी तो मारून डब्याशेजारी ठेवला होता, टीपॉय उचलताना आत पडला असणार.

मामा फोनवर परत आले. ‘‘बघ. डब्याजवळच होता की नाही?’’

पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी मामींनीच निकाल दिला, ‘‘चिवड्यात पडलेला हत्ती परत पटावर ठेवायचा नाही, तेलकट झालाय.’’ इतका न्याय्य निवाडा मी कुठे ऐकलेला नाही.

आता एक कबुली. माझा राजा सातव्या चालीला शह टाळायला घरातून हलला होता आणि नंतर परत आला होता. नियमानं माझा किल्लेकोटाचा हक्क संपला होता. पण फोटोत राजा फक्त घरात दिसतो. तो फिरून आलाय हे फोटोला कसं कळणार? त्या संकेतस्थळावर पांढऱ्याच्या किल्लेकोटासमोर टिकची खूण आधीच होती. मी ती काढली नाही. विसरलो म्हणा.

दुवा मामांना पाठवला. त्यांनी उघडला. डाव सुरू झाला, आणि माझ्या पुढ्यात काळे मोहरे होते.

रंगाच्या खान्यात ‘कोणताही’ असा पर्याय आपोआप निवडलेला होता, तो बदलायचं राहून गेलं होतं. मला सांगा, माणूस अर्धा डाव पुढे खेळायला म्हणून अठ्ठावीस मोहरे एकेक करून मांडतो, तो काय छापा-काटा करायला? ज्यानं हे बनवलं त्यानं घरी कधी डाव अर्धवट ठेवला नसणार. तक्रार कुठे करायची याचं बटण मी अजून शोधतोय.

‘‘मामा, रंग उलटे आलेत. रद्द करू.’’

‘‘यंत्रानं दिलंय, त्यात आपण काय करणार?’’ असं म्हणत मामांनी पहिलीच चाल केली. किल्लेकोट!

‘‘तो राजा हलला होता!’’

‘‘होय की, माझ्या चांगलं ध्यानात आहे. माझ्याच शहाला भिऊन हलला होता. पण इथं चालतंय म्हणतंय.’’

मी गप्प बसलो. काय बोलणार?

एकोणीस चालींत मात झाली. वर सूचना आली, की ठरावीक स्थितीपासून सुरू केलेल्या डावाला गुणांकन लागू होत नाही. म्हणजे एरवी जिंकलो असतो तरी एक गुण वाढला नसता, हे मला तेव्हा कळलं.

मी ‘पुन्हा खेळा’चं बटण दाबलं. त्यात तीच स्थिती परत येते आणि रंग बदलतात, म्हणजे पांढरा मला. दहा मिनिटं वाट पाहिली. मग मामांचा निरोप आला: ‘आता नको. पाहुणे आलेत. मामीला टीपॉय पाहिजे.’

ते मोबाइलवर खेळत होते.