प्राणिमित्रांकडून काम कसे करून घ्यावे

भटक्या कुत्र्यामांजरांसाठी झटणारा एखादा गट तुमच्या भागात असेल, तर तुमचे अभिनंदन. दगदग त्यांची आणि पुण्य तुमचे, अशी उत्तम सोय झालेली आहे. ती वापरायची कशी, तेवढे समजून घ्या.

फोन रात्रीच करावा. कुत्रा सकाळपासून लंगडत असला तरी हरकत नाही. दिवसभर येता-जाता त्याच्याकडे बघून हळहळावे आणि जेवून आडवे झाल्यावर आपल्याला एकदम राहवेनासे व्हावे. "आम्ही येईपर्यंत तिथे थांबाल का?" या प्रश्नाने दचकू नका, तो ते सगळ्यांनाच विचारतात. (जखमी जनावर कुठल्या कुठे जाऊन दडते, म्हणून म्हणे.) कुत्र्याचा रंग तपकिरी, पत्ता "त्या मोठ्या रस्त्याला", फोटो धावत्या गाडीतून काढलेला, एवढ्यावर सापडत नसेल तर त्यांची तळमळच कमी. सकाळी आठवणीने विचारावे, "गेलाच नाहीत वाटतं?"

मांजराची पिल्ले दिसली तर मात्र फोनबिन न करता आधी उचला. आई दिसत नाही, म्हणजे टाकून गेली, हे उघड आहे. ती खाणे शोधायला गेली असेल किंवा तुम्ही कधी हलता याची वाट बघत गाडीखाली बसली असेल, असल्या शंका गटातली माणसे काढत बसतील. खोके त्यांच्या दाराशी ठेवून यावे. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावे लागते, ऊब द्यावी लागते, ओल्या बोळ्याने पुसून शी-शू करवावी लागते. तुम्हाला सकाळी ऑफिस असते. त्यांनाही असते, पण ते त्यांनी आधी बघायला हवे होते. निघण्यापूर्वी गाईचे गार दूध तेवढे पाजून ठेवा. पुढची हगवण ते निस्तरतील.

नसबंदीला तुमचा तत्त्वतः विरोध असू द्या. "निसर्गाच्या विरुद्ध आहे हो!" हे वाक्य पाठ हवे. मांजरी ४-५ महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, सुमारे ९ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. निसर्गाचा हा उरक पाहून त्याच्या आड यायची हिंमत कोण करील? प्रत्येक वेताला गटाला बोलावले की झाले. उद्या पिंजरा लावायचाय, आज तिला काही घालू नका, असे ते सांगतील. पोटात भूक असली तरच मांजर पिंजऱ्यात शिरते, आणि भूल द्यायलाही पोट रिकामे लागते. नेमके त्याच रात्री तुमचे मन द्रवले पाहिजे. शस्त्रक्रिया झालीच, तर कानाचे टोक कापलेले दिसेल. तेच मांजर दुसऱ्यांदा धरले जाऊ नये म्हणून भुलेतच केलेली ती खूण असते. तुम्ही कानाचा जवळून फोटो काढा, खाली "राक्षस!" लिहा आणि ओळखीच्या सगळ्यांना पाठवा.

कुत्र्यांचा त्रास होत असेल, तर "उचलून लांब सोडून या" यावरून हटू नका. ती गेली आणि कचरा तसाच राहिला की बाहेरची येतात, लस न टोचलेली. भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, हे तुम्हाला ऐकवले जाईल. ऐकावे आणि पुन्हा म्हणावे, "ते ठीक आहे, पण नेणार कधी?"

पैसे मागितले, तर हिशेब मागावा. हिशेब दाखवला, तर जुन्या चादरी द्याव्यात.

आणि हो, एखादे पिल्लू दत्तकही घ्या. गोंडस असेपर्यंत त्याचे सगळे लाड करा. पुढे कधी घर बदलेल, बाळ येईल, नवा सोफा येईल, तेव्हा गटाला फोन करून स्वच्छ सांगा, "तुमचा कुत्रा घेऊन जा." सहा वर्षे तुमच्या पायाशी झोपला असला, तरी तो तुमचा कधी झाला?